डॉक्टर ऑनलाइन शिकले तर चालतं का? लहान मुलांच्या आजारांपुरतं समजून घेऊया

"आजकाल डॉक्टर पण व्हिडिओ बघून शिकतात म्हणे" हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी खूप वेळा ऐकलंय, नातेवाईकांकडून, ओपीडीत आलेल्या आईबापांकडून, एकदा तर नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांकडून, आणि दर वेळी त्या वाक्यात थोडी भीती असते. ती भीती मला पटते. आपलं चार महिन्यांचं बाळ ज्याच्या हातात द्यायचं त्याने हे सगळं कुठे आणि कसं शिकलं हे विचारणं अगदी रास्त आहे.

मी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना बालरोग शिकवते. ऑनलाइन साहित्य रोज वापरते. त्याचा फायदा डोळ्यांनी बघितलाय आणि ते चुकीच्या पद्धतीने वापरलं की काय होतं तेही बघितलंय. म्हणून हा जरा लांबलचक लेख, शक्य तितक्या साध्या भाषेत.

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी साइज नाही

आधी हे समजून घेऊ की बालआरोग्य वेगळं शिकवावंच का लागतं. सगळ्यात सोपी गोष्ट घ्या, श्वास. मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. नवजात बाळ ३० ते ६० वेळा घेतं. म्हणजे मोठ्या माणसाच्या बाबतीत जो आकडा बघून आम्ही पळत सुटू तो बाळासाठी अगदी नॉर्मल असतो, आणि हे नॉर्मल वयाप्रमाणे बदलत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा आहे की खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेलं मूल दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद चाललाय, न्यूमोनियाचा विचार करा. आता ४५ हा आकडा घ्या. सहा महिन्यांच्या बाळाला तो चालून जातो, दोन वर्षांच्या मुलाला तोच आकडा धोक्याची खूण आहे. एकच आकडा, दोन मुलं, दोन वेगळे निर्णय.

औषधाचंही तेच. मोठ्यांना बहुतेक वेळा "एक गोळी सकाळ-संध्याकाळ" म्हटलं की झालं, मुलांचा डोस किलोवर ठरतो. समजा एखादं औषध दर किलोला १० मिलिग्रॅम द्यायचंय आणि बाळ ६.५ किलोचं आहे, तर ६५ मिलिग्रॅम. पण कोणी घाईत दशांशचिन्ह पुसट लिहिलं आणि पुढच्याने ६५ किलो वाचलं तर थेट दहापट डोस. दहापट चूक हा बालरोगातला जुना आणि खराखुरा धोका आहे आणि तो टाळायचा तर गणिताचा सराव हाताला बसलेला लागतो.

आणि पेशंट बोलत नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, कसं, काही सांगत नाही, फक्त रडतो किंवा (हे जास्त काळजीचं) रडणंही बंद करतो. बाकीचं सगळं आईच्या सांगण्यावरून आणि आपल्या निरीक्षणावरून. त्यामुळे हा विषय पुस्तकातली ओळ पाठ करून येत नाही, तो बघून बघून येतो.

मग वॉर्डात मुलं आहेत की, स्क्रीन कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर असं की विद्यार्थी मुलांच्या वॉर्डात काही आठवडेच असतो, त्याला पोस्टिंग म्हणतात, आणि त्या आठवड्यांत काय बघायला मिळेल हा बराचसा नशिबाचा भाग असतो. मुलांचे आजार ऋतूप्रमाणे येतात. थंड हवेच्या देशांत ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांना व्हायरसमुळे येणारी सूज, हिवाळ्यात वॉर्ड भरून टाकते. ज्याची पोस्टिंग उन्हाळ्यात आली त्याला कदाचित एकही केस दिसणार नाही, आणि तरीही पुढे डॉक्टर म्हणून पहिल्याच हिवाळ्यात असं बाळ त्याच्यासमोर येणार.

२०२० मध्ये तर याचं टोक गाठलं गेलं. कोविडमुळे जगभर अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना वॉर्डात येणंच बंद झालं, आणि जोडीला मास्क, बंद शाळा यांमुळे ब्रॉन्किओलायटिस करणारा व्हायरसही तेव्हा जवळजवळ गायब झाला आणि मग २०२१ मध्ये बऱ्याच देशांत भलत्याच ऋतूत उसळला. मधल्या काळात शिकलेल्या मुलामुलींनी हा अगदी नेहमीचा आजार प्रत्यक्ष पाहिलाच नाही.

काही आजार तर असे आहेत की मूल समोर असूनही दिसत नाहीत. इन्फंटाइल स्पॅझम्स हे त्यातलं मला सगळ्यात जास्त छळणारं उदाहरण. हा आकडीचाच एक प्रकार, बहुतेक वेळा पहिल्या वर्षात सुरू होतो. पण आकडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं तसं यात काही नसतं. बाळ झोपेतून उठतं, मान एकदम पुढे झुकते, हात झटकन बाजूला उडतात, एक-दोन सेकंद, संपलं. परत काही सेकंदांनी तेच. मग परत. बघणाऱ्याला वाटतं बाळ दचकतंय, पोटात दुखत असेल. दवाखान्यात येईपर्यंत ते थांबलेलं असतं, बाळ हसतंय, डॉक्टर म्हणतो सगळं ठीक आहे. आणि यात उपचाराला उशीर झाला तर मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, कायमचा.

१८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहून हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. ते वर्णन त्याच्या स्वतःच्या मुलाचं होतं. मान कशी पुढे झुकते, किती वेळा, कसं वाढत गेलं, सगळं त्याने शब्दांत लिहिलं कारण त्याच्याकडे दुसरं साधनच नव्हतं. आज वीस सेकंदांची क्लिप ते काम करते. ज्या विद्यार्थ्याने ती एकदा नीट बघितली तो पुढे एखादी आई "बाळ उठल्यावर सारखं दचकतं हो" म्हणाली की तिथेच थांबतो. या एका आजारासाठी जरी ऑनलाइन साहित्य वापरलं तरी मला ते पुरेसं कारण वाटतं.

ऑनलाइन म्हणजे नेमकं काय काय

इथे बराच गोंधळ असतो कारण एका शब्दाखाली खूप वेगळ्या गोष्टी येतात. रेकॉर्ड केलेलं लेक्चर हा त्यातला सगळ्यात ओळखीचा आणि माझ्या मते सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार. मग छोट्या क्लिप, ज्यात श्वासाचा एक आवाज, चालण्याची एक पद्धत, त्वचेवरचा एक पुरळ एवढंच असतं. पॉडकास्ट असतात, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून निघालेलं पेड्सकेसेस त्यासाठी प्रसिद्ध आहे. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलचं ओपनपेडियाट्रिक्स जगभरच्या डॉक्टर-नर्सना गंभीर आजारी मुलांच्या उपचाराचं साहित्य फुकट देतं.

आणि मग येतो व्हर्च्युअल पेशंट. हा शब्द एकदा समजून घेऊ. स्क्रीनवर एक गोष्ट सुरू होते: दोन वर्षांची मुलगी, तीन दिवस ताप, आज सकाळपासून दूध घेत नाही. तुम्ही आईला काय विचाराल? तुम्ही निवडता, उत्तर येतं. आता काय तपासाल? कुठली टेस्ट? चुकलात तर तिथेच कळतं आणि का चुकलात तेही कळतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांत अक्विफर या संस्थेच्या अशा बालरोगाच्या केसेस अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून वापरतात. वैमानिक विमान उडवण्याआधी सिम्युलेटरवर बसतात तसंच हे, चूक करायला एक अशी जागा जिथे कोणाचं मूल पणाला लागलेलं नाही.

एका क्लिपवर वीस मिनिटं

हे जरा जवळून दाखवते, कारण नुसतं "व्हिडिओ दाखवतो" म्हटलं की लोकांना सिनेमा लावून दिल्यासारखं वाटतं.

एक मिनिटाची क्लिप आहे. आईच्या मांडीवर आठेक महिन्यांचं बाळ, शर्ट वर केलेला, छाती आणि पोट दिसतंय, आवाज बंद. मी काहीच न सांगता लावते आणि म्हणते श्वास मोजा. बहुतेक जण पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, मोठ्या माणसात ती सवय लागलेली असते. उत्तरं येतात ४४, ४८, ५२, ६०. एकच बाळ, तीच क्लिप! मग परत लावते आणि पूर्ण ६० सेकंद मोजायला लावते. आता बहुतेकांची उत्तरं ५३ च्या आसपास येतात. मग कोणीतरी स्वतःच म्हणतं, मॅडम मधे बाळ दोन-तीन सेकंद थांबतंय आणि मग भराभर घेतंय. बरोबर, लहान बाळांचा श्वास असाच अनियमित असतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंदांत त्या थांबण्यात सापडलात तर आकडा कमी येतो आणि भराभरीत सापडलात तर जास्त. हे मी वाक्य म्हणून दहा वर्षं सांगितलं असतं तरी जितकं पोचलं नसतं तितकं त्या चार वेगवेगळ्या उत्तरांनी पोचतं.

तिसऱ्यांदा लावते तेव्हा म्हणते आकडा विसरा, फक्त बरगड्यांच्या खालच्या कडेकडे बघा. निरोगी मूल श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. या बाळाची छातीची खालची कड श्वास घेताना उलटी आत जातेय. छाती आत ओढली जाणं म्हणतात ते हेच. क्लिप मी त्या क्षणाला थांबवते, मागे नेते, परत चालवते, अर्ध्या वेगाने चालवते. खऱ्या बाळाला मागे नेता येत नाही. आणि आजारी बाळाच्या उशाशी दहा विद्यार्थी उभे करून प्रत्येकाला नीट दिसेपर्यंत त्याचा शर्ट वर धरून ठेवणं हे बरोबरही नाही, बाळ थंडीने कुडकुडतं, रडायला लागतं, आणि रडलं की श्वासाचा आकडा आणि छाती ओढणं दोन्ही बघून काही उपयोग नसतो.

वीस मिनिटांनी ते वॉर्डात जातात तेव्हा काय शोधायचं हे त्यांच्या डोळ्यांना माहीत असतं.

"पण व्हिडिओ बघून कोणी कधी शिकलंय का?"

ही शंका खरी आहे आणि हिला संशोधनाचा भक्कम आधारही आहे. २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मायकल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी प्रयोग छापले ज्यात लोकांना डार्ट फेकणं, मूनवॉक करणं अशा गोष्टींचे व्हिडिओ दाखवले, काहींना एकदा, काहींना २० वेळा. २० वेळा बघणाऱ्यांना ठाम वाटायला लागलं की आपल्याला हे आता जमेल. प्रत्यक्ष करायला लावल्यावर ते एकदा बघणाऱ्यांपेक्षा काही चांगलं करू शकले नाहीत. आत्मविश्वास वाढला, कौशल्य होतं तिथेच राहिलं. डॉक्टरच्या बाबतीत हे मिश्रण किती घातक आहे ते वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रयोग याच्या उलट बाजूचा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा पुस्तक बंद करून आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर सारखं वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं आणि वाचणाऱ्यांना ४० टक्के. म्हणजे डोक्यात घालण्यापेक्षा डोक्यातून बाहेर काढण्याने जास्त टिकतं. अभ्यासाला बसलेल्या मुलाला घरातलं मोठं माणूस "आता पुस्तक मिट आणि सांग बघू" म्हणतं ना, ते हेच.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की चांगलं ऑनलाइन साहित्य ओळखायची खूण हाती लागते. ते मधेमधे थांबवतं आणि विचारतं का? मोजायला, ठरवायला, डोस काढायला लावतं का? काही दिवसांनी तेच परत विचारतं का? तसं असेल तर ते शिकवतंय. नुसतं चालत राहत असेल तर बघणाऱ्याला शिकल्याचा भास देतंय.

एकूण ऑनलाइन शिकणं चांगलं की वर्गातलं, यावरही पुष्कळ अभ्यास झालेत. मेयो क्लिनिकच्या डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या इंटरनेटवरून शिकण्याचे २०० हून जास्त अभ्यास एकत्र तपासले. काहीच न शिकवण्याशी तुलना केली तर ऑनलाइनचा फायदा मोठा दिसला, आणि नेहमीच्या पद्धतींशी तुलना केली तर फरक साधारण थोडाच, कधी इकडे कधी तिकडे. याचा अर्थ मी असा घेते की माध्यमावर भांडण्यात फार अर्थ नाही, त्या माध्यमात विद्यार्थी काय करतोय ते बघावं.

लांब लेक्चर अपलोड करणं बंद करा

हे माझ्यासारख्या शिक्षकांसाठी. मी स्वतः सुरुवातीला एका तासाचं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून टाकायचे आणि मला वाटायचं काम झालं. नंतर लक्षात आलं की बहुतेकांनी पहिली काही मिनिटं बघून सोडून दिलंय. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद तपासली होती, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं दिसलं. तेव्हा एका क्लिपमध्ये एकच गोष्ट.

आणि मग वर्गाचा वेळ मोकळा होतो. याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात, म्हणजे उलटा वर्ग: माहिती घरी घ्यायची आणि गृहपाठ वर्गात करायचा. लसींचं वेळापत्रक, वाढीचे टप्पे, बाळाचं वजन साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं, असल्या गोष्टी सांगायला माझी गरज नाही. माझी गरज तेव्हा आहे जेव्हा विद्यार्थ्यासमोर वाढीचा तक्ता आहे, तीन महिने वजनाची रेघ आडवी गेलीय, आई म्हणतेय बाळ छान खातं, आणि आता पुढचा प्रश्न काय विचारायचा, तोही आईला दोषी न वाटू देता.

स्क्रीनवर जे येतच नाही

टाळू. बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा, जिथे हाडं अजून जुळलेली नसतात. शरीरातलं पाणी कमी झालं की ती खोल जाते, मेंदूज्वरात वर फुगते. फोटोत ती थोडीफार दिसते पण खरं तर ती बोटांच्या टोकांना कळते, आणि बाळ रडत असताना ती तशीही फुगते, म्हणून शांत असताना, उभं धरून, हलक्या हाताने बघायची. "हलका हात" म्हणजे किती हलका, हे कुठलाही व्हिडिओ सांगू शकणार नाही. पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर ती किती हळू मागे जाते, दोन सेकंदांहून जास्त लागले तर पाण्याची तीव्र कमतरता, हे बघता येतं, पण चिमूट घ्यायची कशी ते हातच शिकतो. मोठं झालेलं यकृत बोटाला कसं लागतं, सुई टोचताना बाळाचा हात कसा धरायचा, घाबरलेल्या तीन वर्षांच्या मुलाला तपासायचं असेल तर आधी त्याच्या बाहुलीला स्टेथोस्कोप लावायचा, हे सगळं समोरासमोरच.

१९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी डॉक्टरचं शिक्षण तपासायला एक चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरंच करतो. ऑनलाइन साहित्य पहिल्या दोन पायऱ्या चांगल्या चढवतं, तिसरीला थोडा हात देतं, चौथीवर ते पोचत नाही. म्हणून कोणी वॉर्डातले तास कापून त्या जागी ऑनलाइन कोर्स बसवायला निघालं तर मी त्याला स्पष्ट विरोध करते. तास वाचवायचे तर लेक्चरचे वाचवा, पेशंटजवळचे नाही.

फोटोतलं बाळ कुणाचं आहे?

दोन गोष्टी इथे माझ्या मनाला फार लागतात. पहिली त्वचेची. वैद्यकीय पुस्तकांत आणि वेबसाइटवर पुरळाचे फोटो वर्षानुवर्षं बहुतांशी गोऱ्या त्वचेचे आहेत. गोवराचा पुरळ "लाल" असतो असं लिहिलेलं असतं, पण सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो लाल दिसेलच असं नाही. ओठ निळे पडणं, कावीळ, सगळ्यांचं तेच. जो फक्त तेच फोटो बघून शिकला तो जगातल्या बहुसंख्य मुलांसमोर चुकेल. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मॅलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला हेच खटकलं आणि त्याने दोन शिक्षकांबरोबर २०२० मध्ये गडद त्वचेवरची लक्षणं दाखवणारी पुस्तिका ऑनलाइन काढली. एका विद्यार्थ्याला जे दिसलं ते इतकी वर्षं इतक्या शिक्षकांना दिसलं नव्हतं याचं मला वाईट वाटतं, आणि तेव्हापासून मी कुठलाही फोटोंचा संच निवडताना हे आधी बघते.

दुसरी संमतीची. क्लिपमधलं बाळ हो म्हणू शकत नाही, आईबाप म्हणतात. पण ते हो म्हणतात कधी, तर मूल आजारी असताना, आणि समोर उपचार करणारा डॉक्टर असताना, तेव्हा नाही म्हणायला किती जणांना जमेल? म्हणून विचारणारी व्यक्ती शक्यतो उपचार करणारी नसावी, व्हिडिओ कुठे वापरणार ते लिहून द्यावं, चेहरा लागत नसेल तर घेऊच नये (छाती ओढणं दाखवायला चेहरा कशाला हवा?), आणि नंतर मन बदललं तर काढून टाकायची सोय हवी. एखाद्या डॉक्टरने वॉर्डातल्या मुलाचा व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकणं हे शिक्षण नाही, हेतू कितीही चांगला असो.

आणि एआयला विचारलं तर?

विद्यार्थी विचारतातच, लपवण्यात अर्थ नाही. अवघड संकल्पना सोप्या भाषेत समजावून घ्यायला, स्वतःसाठी प्रश्न तयार करून घ्यायला चॅटबॉट कामाला येतो. पण निदान? २०२४ च्या सुरुवातीला जामा पेडियाट्रिक्स या मासिकात एक चाचणी आली होती, मुलांच्या १०० अवघड केसेस चॅटजीपीटीला दिल्या आणि त्यातल्या ८३ मध्ये त्याचं निदान चुकलं, काहींत साफ चूक आणि काहींत इतकं ढोबळ की धरता येणार नाही. त्यानंतर ही साधनं बदलली आहेत आणि बदलत राहतील, केसेसही मुद्दाम अवघड होत्या हे मान्य. तरी मुद्दा राहतो की चुकीचं उत्तरही तो त्याच ठाम सुरात देतो, आणि ज्याला अजून विषय येत नाही त्याला ते ओळखता येत नाही. डोस मी कुणालाही त्याच्याकडून घेऊ देत नाही. छापील किंवा अधिकृत ठिकाणाहून घ्यायचा, स्वतः गणित करायचं, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं.

नेटच नसेल तर

जिथे आजारी मुलं सर्वांत जास्त तिथे नेट सर्वांत कमी, असं जगात अनेकदा असतं. त्यामुळे साहित्य बनवतानाच ते डाउनलोड करून नंतर बघता येईल, मोबाइलवर नीट दिसेल, फाइल हलकी असेल हे बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात आजारी मुलांच्या तपासणीची जी पद्धत बसवली ती मुळात भिंतीवर लावायच्या तक्त्यांची होती, वर दिलेले ६०, ५०, ४० हे आकडे त्यातलेच, आणि नंतर तिचं कॉम्प्युटरवर शिकायचं रूपही आलं. तक्ता आणि कॉम्प्युटर दोन्ही शेजारी चालू शकतात. पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या साहित्याबद्दल तर मला रागच आहे, मुलाचा श्वास कसा मोजायचा हे ज्ञान कुलपात ठेवायची गोष्ट नाही.

आईबापांनी यातून काय घ्यावं

तुमच्या बाळाला तपासणारा शिकाऊ डॉक्टर ऑनलाइन शिकलाय का, यापेक्षा तो बाळाकडे किती वेळ बघतोय ते बघा. त्याच्याबरोबर शिक्षक आहे का ते विचारा, नको वाटलं तर नको म्हणा, तो तुमचा हक्क आहे. आणि बाळ काहीतरी विचित्र करत असेल, सारखं दचकणं, एकटक बघणं, श्वासाचा वेगळा आवाज, तर शक्य असेल तेव्हा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवा, बऱ्याचदा निदान तिथेच होतं. बाळ निळं पडत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर मात्र मोबाइल ठेवा आणि आधी मदत बोलवा.

परवा वॉर्डात खोकल्याचं पाच महिन्यांचं बाळ होतं. माझी एक विद्यार्थिनी, पोस्टिंगचा दुसराच आठवडा, तिथे जाऊन नुसती उभी राहिली. बाळ दूध पीत होतं. तिने आईला सांगितलं, "होऊ द्या सावकाश, मी थांबते." पिणं झालं, बाळ मांडीवर शांत पडलं, मग हळूच शर्ट वर केला, घड्याळ समोर धरलं आणि ओठ हलवत मोजायला लागली, पूर्ण मिनिट. मी मागून विचारलं किती?

"५४ आले मॅडम, पण शेवटी जरा रडलं. शांत झालं की परत मोजते."